घराच्या भिंतीवरील चट्टा आणि छपरावरील पत्रा



पेसाहचा सण जवळ आला की आपल्या घराघरांतून साफसफाईची एकच धांदल उडते. कपाटे रिकामी होतात, गाद्या उन्हात पडतात, आणि वर्षभर ज्या माहसानचे दार कोणी उघडलेले नसते तेही या दिवसांत उघडले जाते. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या ओळखीच्या एका वयस्क भगिनीचा फोन आला. घरामागच्या माहसानवर पन्नासएक वर्षांपूर्वीचे करड्या रंगाचे पन्हाळी पत्रे आहेत, त्यांतील एक कोपऱ्याशी तडकला आहे, आणि सणापूर्वी मुलगा व नातू मिळून हातोड्याने ते फोडून खाली पाडणार आहेत. तर त्या धुळीने काही अपाय तर होणार नाही ना, एवढेच त्यांना विचारायचे होते. "आमच्या ह्यांनीच ते आपल्या हाताने बसवले होते. तेव्हा कोणी काही म्हटले नव्हते," असेही त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगितले की आधी हातोडा खाली ठेवायला सांगा, मग आपण बोलू. जे त्यांना सांगितले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर मांडीत आहे.

तोरातील घराचा चट्टा

वायिक्रा या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात, मेत्सोरा या पाराशात, माणसाच्या नव्हे तर घराच्या त्साराअतविषयी नियम दिलेले आहेत. दरवर्षी आपण हा भाग सिनेगॉगमध्ये ऐकतो आणि बहुधा त्याकडे दुर्लक्ष करतो, कारण असे घर आपण कोणी पाहिलेले नाही. परंतु त्यातील क्रम नीट ध्यानात घेण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट अशी की हा नियम कनान देशात गेल्यावरच्या घरांना लागू आहे. वाळवंटातील तंबूंना नाही. म्हणजे ज्याला या भूमीत स्वतःचे घर मिळाले त्यालाच ही काळजीही मिळाली. दुसरी गोष्ट, घरधन्याने भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा पाहिला तर त्याने स्वतः निकाल द्यावयाचा नाही. त्याने कोहेनकडे जाऊन, घरात चट्ट्यासारखे काही दिसते, एवढेच सांगावयाचे. मिश्नाच्या नेगाईम या भागात तर असे म्हटले आहे की घरधनी स्वतः विद्वान असला आणि चट्टा खराच आहे हे त्याला पक्के ठाऊक असले, तरी त्याने "चट्ट्यासारखे" असेच म्हणावे. तिसरी गोष्ट, कोहेन पाहणीला येण्यापूर्वीच घरातील सामान बाहेर काढावयाचे. चौथी, घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावयाचे. घाई करावयाची नाही. आणि पाचवी, जे दगड खराब ठरतील ते काढून नगराबाहेर, त्यासाठी नेमलेल्या अशुद्ध जागीच टाकावयाचे. शेजाऱ्याच्या अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला नाही.

तालमूदच्या सनहेद्रीन भागात या नियमावर रब्बींची चर्चा आहे. एका मताने असे घर कधी झालेच नाही. नियम केवळ अभ्यासाकरिता दिला आहे. उलट अक्कोजवळच्या गावचे रब्बी शिमोन सांगतात की गालीलमध्ये त्यांनी एक खूण केलेली जागा पाहिली होती, आणि चट्टा पडलेले दगड तेथे टाकले होते असे लोकांनी त्यांना सांगितले.

तोराने ॲसबेस्टॉसविषयी काही सांगितले आहे असा दावा मी करीत नाही. ते एक वेगळेच प्रकरण आहे. परंतु घरात दोष असल्याचा संशय आला असता शहाण्या माणसाने कसे वागावे, याचा जो क्रम तेथे आहे, तोच क्रम आज या पत्र्यांच्या बाबतीत तज्ज्ञ सांगतात. संशय घ्या, निकाल देऊ नका, हात लावू नका, जाणत्याला बोलवा, आणि काढलेला माल ठरलेल्या जागीच जाऊ द्या.

ॲसबेस्टॉस म्हणजे काय?

ॲसबेस्टॉस हा कारखान्यात तयार केलेला पदार्थ नसून खाणीतून निघणारा तंतुमय खनिज आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ "न विझणारा" असा होतो. त्याच्या सहा जाती मानतात. पैकी पांढरा, निळा व तपकिरी या तीन व्यापारात विशेष वापरल्या गेल्या. तो जळत नाही, कुजत नाही, आम्लाने सहसा झिजत नाही, सुतासारखा विणता येतो, आणि स्वस्त पडतो. एवढे गुण एका वस्तूत असल्यावर विसाव्या शतकात त्याचा सर्वत्र सुळसुळाट झाला यात नवल नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची, मध्यभागी पांढरा गोल असलेली तारेची जाळी पुष्कळांना आठवत असेल. तो पांढरा गोल ॲसबेस्टॉसचाच असे.

घरबांधणीत तो मुख्यतः सिमेंटमध्ये मिसळून वापरला गेला. अशा पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के ॲसबेस्टॉस आणि बाकीचे सिमेंट असते. मुंबईत आपण ज्यांना सिमेंटचे पत्रे म्हणत असू ते हेच. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. दुसरा प्रकार ठिसूळ ॲसबेस्टॉसचा; येथे हिब्रूत त्याला "पारीख" म्हणतात. बॉयलर व वाफेच्या नळांभोवती गुंडाळलेला किंवा मोठ्या इमारतींच्या छतांवर फवारलेला हा थर बोटाने दाबला तरी चुरा होतो. म्हणून तो कितीतरी अधिक घातक आहे.

शरीरात काय घडते?

कापसाचा किंवा लाकडाचा तंतू तुटला तर आडवा तुटतो. ॲसबेस्टॉसचा तंतू मात्र उभा चिरत जातो आणि प्रत्येक वेळी अधिक बारीक होतो. शेवटी तो इतका सूक्ष्म होतो की केसाच्या मानाने कितीतरी पट बारीक, डोळ्यांना न दिसणारा, आणि तासन् तास हवेत तरंगणारा. त्याला वास नाही. तो नाकात गेला तर शिंक येत नाही, घशात खवखव होत नाही. मिरचीची फोडणी घरातील सर्वांना खोकला आणते. हा मात्र मुकाट्याने आत शिरतो.

फुफ्फुसाच्या तळाशी पोचलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही व नीट बाहेरही टाकता येत नाही. त्याच्याभोवती वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. त्यातून तीन मुख्य आजार उद्भवतात. पहिला ॲसबेस्टॉसिस, यात फुफ्फुस कठीण होत जाऊन दम लागतो, आणि हा बहुधा पुष्कळ वर्षे पुष्कळ धूळ घेतलेल्या कामगारांना होतो. दुसरा फुफ्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. हा एरवी फार विरळा, आणि त्याचे प्रमुख कारण ॲसबेस्टॉस हेच आहे. यांतील कोणताही आजार लगेच दिसत नाही. मेसोथेलिओमा तर बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. ज्या हाताने पत्रा फोडला तो हात तोवर म्हातारा झालेला असतो, आणि त्या दिवसाची आठवणही राहिलेली नसते.

हे ज्ञान एका दिवसात झाले नाही. दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली खाणींच्या प्रदेशातील मेसोथेलिओमाचे ३३ रोगी जगापुढे मांडले. त्यांत काही जण खाणीत कधीच कामाला नव्हते, नुसते त्या भागात राहिलेले होते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील यहुदी डॉक्टर आयर्विंग सेलिकॉफ यांनी १९६४ साली इमारतींत उष्णतारोधक थर बसविणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि उद्योगधंद्यांचा रोष पत्करूनही ते आयुष्यभर हा प्रश्न मांडीत राहिले. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाही स्त्रिया आढळल्या, ज्या स्वतः कधी ॲसबेस्टॉसच्या कामावर नव्हत्या, केवळ घरच्या कामगाराचे कपडे धूत असत.

सेलिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली आणखी एक गोष्ट दाखविली, ती धूम्रपान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या व ॲसबेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाच्या तुलनेत, फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका नुसत्या ॲसबेस्टॉस-कामगाराला सुमारे ५ पट, नुसते धूम्रपान करणाऱ्याला सुमारे ११ पट, आणि दोन्ही करणाऱ्याला ५० पटींहून अधिक होता. म्हणजे दोन संकटांची येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आपल्या घरांत तो कोठे असू शकतो?

१९५० व १९६० च्या दशकांत आलिया करून आलेल्या पुष्कळ कुटुंबांना वसाहतनगरांत जी तात्पुरती घरे मिळाली, त्यांना लोक "अझबेस्टोन" म्हणूनच ओळखत. भिंतीही त्याच्या आणि छप्परही त्याचेच. ती घरे बहुतेक गेली, पण तोच माल पुढे अनेक वर्षे सर्वत्र वापरला जात होता. नहारिया येथे १९५२ पासून १९९७ पर्यंत ॲसबेस्टॉस-सिमेंटचा कारखाना चालू होता. त्याचा टाकाऊ माल आसपासच्या लोकांनी रस्ते, अंगणे व शेतातील वाटा भरण्याकरिता नेला. फुकट मिळणारा, पाण्याने न विरघळणारा भराव. कोणाला वाईट वाटेल? पुढे पश्चिम गालीलमध्ये मेसोथेलिओमाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दिसून आले, आणि जमिनीत पुरलेला तो माल उकरून काढण्यासाठी सरकारला मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. तालमूदमधील ती खूण केलेली जागाही गालीलचीच होती, हे वाचताना आठवल्यावाचून राहत नाही.

तेव्हा घर जर १९९० च्या दशकाच्या अखेरीपूर्वीचे असेल तर पुढील ठिकाणी संशय धरावा : माहसान, गाडीची शेड व मिरपेसेतवरील पन्हाळी पत्रे, मोशावमधील कोंबड्यांची व गुरांची छपरे, सपाट करडे तक्ते, सांडपाण्याचे जुने नळ व धुराडी, पाण्याच्या जुन्या टाक्या, फुलझाडांच्या जुन्या सिमेंटी कुंड्या, जुन्या शेगडीच्या किंवा बॉयलरच्या मागचा तक्ता. मुंबईत किंवा कोकणात ज्यांची घरे अजून आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण भारतात पांढऱ्या ॲसबेस्टॉसच्या पत्र्यांवर सरसकट बंदी आलेली नाही, आणि गावचे घर दुरुस्त करताना गवंडी तेच पत्रे सुचवितो.

एक मात्र पक्के ध्यानात ठेवावे : नुसत्या डोळ्यांनी पाहून पत्रा ॲसबेस्टॉसचा आहे की नाही हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. नंतरच्या काळात त्याच रंगारूपाचे, दुसरे तंतू घातलेले निर्दोष पत्रेही निघाले. खरा निकाल प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकच देतो. शेजारी, जावई किंवा रंगारी यांच्या मताला येथे किंमत नाही. आपण "चट्ट्यासारखे" म्हणावे आणि थांबावे.

संशय आला तर काय करावे?

१. पत्रा अखंड व मजबूत असेल, तडे गेलेले नसतील, कडा झडत नसतील, तर तो आहे तेथेच राहू द्यावा. स्वस्थ बसलेला पत्रा सहसा अपाय करीत नाही; त्याला त्रास दिला म्हणजे तो आपल्याला त्रास देतो. वर्षातून एक-दोन वेळा लांबून पाहणी करावी.

२. त्याला भोक पाडू नये, करवतीने कापू नये, घासू नये, खरवडू नये. तोरामध्ये भिंत खरवडण्यास सांगितले आहे, येथे मात्र ते पूर्ण वर्ज्य समजावे. शेवाळ काढण्यासाठी कोरडा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा फवारा वापरू नये. रंग किंवा लेप द्यावयाचा असेल तरी आधी विचारावे, कारण लेपापूर्वी कारागीर पत्रा घासून घेतात.

३. सुक्का बांधताना अशा छपराला खिळे ठोकू नयेत किंवा त्यावर फांद्या ओढू नयेत. दूद शेमेश, एअर कंडिशनर किंवा विजेची तार बसविण्यासाठी माणूस आला तर ड्रिल चालू करण्यापूर्वीच त्याला संशयाची कल्पना द्यावी. तो हसला तरी हरकत नाही.

४. पत्र्यावर चढू नये. जुना सिमेंटचा पत्रा वरून दणकट दिसतो, पण माणसाच्या वजनाखाली एकाएकी फुटतो. दूरची धूळ बाजूला राहिली, खाली पडून हातपाय मोडण्याचा धोका त्याच दिवशीचा आहे.

५. नमुना आपण स्वतः तोडून घेऊ नये. पर्यावरण संरक्षण मंत्रालयाच्या मोकेदला *६९११ या क्रमांकावर किंवा इरियाच्या १०६ या क्रमांकावर फोन करून पुढची वाट विचारावी. हिब्रू जमत नसेल तर मुलाला किंवा नातवाला शेजारी बसवून बोलावे. लाज वाटण्याचे कारण नाही.

६. इमारत सामायिक असेल तर वाद बायितला लेखी कळवावे. एकट्याने गुपचूप काम उरकले तर धूळ मात्र सर्वांच्या घरी जाते.

तुकडा फुटलाच तर?

वाऱ्याने, झाड पडून, चेंडू लागून, आणि गेल्या काही वर्षांत आपल्या दुर्दैवाने क्षेपणास्त्रांच्या आघातानेही असे पत्रे फुटले आहेत. अशा वेळी पहिली ऊर्मी होते ती झाडू घेण्याची. आपल्या बायकांचा हात तर आपोआप झाडूकडे जातो. तीच ऊर्मी आवरावी. कोरड्या झाडूने खाली बसलेले तंतू पुन्हा हवेत उडतात. घरातील साधा व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट. त्याच्या गाळणीतून सूक्ष्म तंतू निसटतात आणि मागच्या बाजूने घरभर फेकले जातात.

म्हणून प्रथम मुलांना व जनावरांना दूर करावे. पंखा व एअर कंडिशनर बंद करावा. खोली असेल तर दार लावून घ्यावे, अंगण असेल तर दोरी बांधून ये-जा थांबवावी. शब्बाथच्या दिवशी असे घडले तर दार बंद करून बाजूला होणे एवढे तूर्त पुरे. धूळ हलविली नाही तर ती बहुतांशी आहे तेथेच बसते. त्यानंतर वरील मोकेदला फोन करून ते सांगतील तसे करावे. इमारतीला मार बसून मोठा ढिगारा झाला असेल तर त्यातील सामान शोधण्यासाठी स्वतः आत शिरू नये.

एखाद-दुसरा लहान तुकडा असेल आणि तो उचलण्यास त्यांनी सांगितले, तर आधी त्यावर हलक्या फवाऱ्याने पाणी मारावे. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले म्हणजे ओलावा चांगला मुरतो. हातमोजे घालावेत. तुकडा आणखी मोडू नये. अखंड उचलून जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून घट्ट बांधावी व वर "अझबेस्ट" असे लिहावे. फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पुन्हा न वापरता त्याच पिशवीत टाकावे. ही पिशवी नेहमीच्या कचऱ्याच्या पेटीत टाकावयाची नाही. ती कोठे द्यावयाची हेही मोकेदलाच विचारावे. अंगावरचे कपडे झटकू नयेत. ओल्या फडक्याने टिपून हलकेच काढावेत, घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत, आणि स्नान करावे.

तोंडाला रुमाल बांधला किंवा साधा कागदी मुखवटा लावला म्हणजे रक्षण झाले अशी समजूत असेल तर ती सोडावी. या तंतूंसाठी विशिष्ट दर्जाचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही.

कायदा आणि काबलान

२०११ साली क्नेसेतने ॲसबेस्टॉसचा उपद्रव रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार या देशात ॲसबेस्टॉसचा नवा वापर करण्यास मनाई आहे, आणि असलेला काढण्याचे काम परवाना असलेल्या काबलानकडून, मंत्रालयाच्या नियमांनुसार करावे लागते. कामाचा आकार व मालाचा प्रकार यांप्रमाणे नियमांत फरक आहे. म्हणून आपले काम कशात मोडते हे आधी विचारून घ्यावे. "एवढ्याशा कामाला काय होते" हे वाक्य कायद्यात नाही.

काबलान निवडताना त्याचा रिश्यायोन पाहावयास मागावा आणि त्याचे नाव मंत्रालयाच्या यादीत आहे का हे पडताळून घ्यावे. चांगला काबलान कामापूर्वी सामान व माणसे दूर करतो, पत्रे ओले करतो, स्क्रू सोडवून पत्रा अखंड खाली उतरवतो. वरून फेकत नाही, फोडत नाही. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्यावर सूचना छापून, मान्यताप्राप्त जागीच पुरण्यासाठी नेतो. तेथे माल पोचल्याचा कागद आपण मागून घ्यावा आणि पैसे देण्याआधी पाहावा. जो कमी पैशांत रात्रीतून पत्रे नेतो असे सांगतो, तो ते वाडीत किंवा उघड्या रानात टाकणार हे उघड आहे. मग ते दुसऱ्याच्या मुलांच्या पायाखाली येतील. जुने पत्रे कोणाला कुंपणासाठी देऊ नयेत, आणि जाळण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो जळत नाही, उष्णतेने तडतडून फुटतो आणि तंतू उधळतो.

जे होऊन गेले त्याविषयी

त्या भगिनीचा आठवड्याने पुन्हा फोन आला. या वेळी पत्र्याची गोष्ट नव्हती. त्या म्हणाल्या, "आमचे हे मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये बॉयलरवर होते. संध्याकाळी घरी आले की त्यांचे कपडे मी चाळीच्या गॅलरीत झटकत असे. पांढरी धूळ असे हो त्यांत. बारा वर्षे झटकले. मग मला काय होणार?"

हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांतून विचारला जाऊ शकतो. आपली मंडळी मुंबईला गोदीत, रेल्वेत, गिरण्यांत कामाला होती, आणि येथे येऊनही अनेकांनी कारखान्यांत व बांधकामांवर वर्षे काढली. म्हणून उत्तर सरळ देतो. धोका धुळीच्या प्रमाणावर व वर्षांवर अवलंबून असतो. एकदा फुटलेल्या पत्र्याजवळून गेल्याने माणूस आजारी पडेल ही भीती धरू नये. तो धोका फार लहान आहे. वर्षानुवर्षे धूळ घेतलेल्यांना धोका अधिक असतो, तरी त्यांतील बहुतेकांना मेसोथेलिओमा होत नाही. परंतु पूर्णपणे निर्धोक अशी मात्रा कोणी ठरवू शकलेले नाही, म्हणून जाणूनबुजून एक दिवसही धूळ घेऊ नये.

ज्यांचा असा पूर्वेतिहास आहे त्यांनी कुपात होलीमच्या डॉक्टरांना तो स्पष्ट सांगावा आणि आपल्या नोंदीत लिहून घ्यावयास लावावे : काम कोणते, किती वर्षे, कोणत्या सालापासून. डॉक्टर आपण होऊन हे क्वचितच विचारतात, आणि मुंबईच्या वर्कशॉपची त्यांना कल्पनाही नसते. चालताना नव्याने दम लागू लागला, छातीत सतत दुखू लागले किंवा खोकला हटेना, तर "वयामुळे असेल" म्हणून घरी बसू नये. कालच धूळ घेतली म्हणून आज एक्स-रे काढण्यात अर्थ नाही; त्यात काही दिसत नाही. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती सोडणे, हा त्याच्या स्वतःच्या हातातील सर्वांत मोठा उपाय आहे. वर सांगितलेला तो गुणाकार आठवावा.

त्या भगिनीने डॉक्टरांना सर्व सांगितले. तपासणीत सध्या काळजीचे काही निघाले नाही. त्यांची नोंद मात्र झाली. "मी त्यांची सेवा केली, त्यात माझी काय चूक?" असे त्यांनी मला विचारले. चूक काहीच नव्हती. ना त्यांची, ना त्यांच्या यजमानांची, ज्यांनी आपल्या हाताने माहसान बांधले. त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला आज ठाऊक आहे, आणि म्हणून जबाबदारी आपल्यावर येते.

देवारिम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे, अशासाठी की कोणी तेथून पडून त्या घरावर रक्तदोष येऊ नये. छपरामुळे कोणाला इजा होऊ न देणे हे घरधन्याचे कर्तव्य तोराने इतक्या स्पष्टपणे सांगितले आहे. पडणारा पाहुणा डोळ्यांना दिसतो. तीस वर्षांनी आजारी पडणारा नातू दिसत नाही. परंतु कठडा दोघांसाठीही घालावयाचा आहे.

त्यांचे माहसान त्या पेसाहला झाडले गेले नाही. दार बंद ठेवून त्यातील हामेत्सची काळजी रब्बींना विचारून वेगळ्या रीतीने घेतली. तपासणीत पत्रे ॲसबेस्टॉसचेच निघाले, आणि शावुओतनंतर परवान्याचा काबलान येऊन एकही पत्रा न फोडता ते सर्व घेऊन गेला. खर्च झाला, तो मुलांनी वाटून घेतला. हातोडा घेऊन निघालेला नातू त्या दिवशी खिडकीच्या काचेआडून ते काम पाहत उभा होता.

आपल्या सर्वांना आरोग्याचा व आनंदाचा पेसाह लाभो. हाग सामेयाह.